उशाचा दगड

आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. मेंढरं राखणारी आणि जिरायती कसणारी आमची माणसं; वडवणीच्या रस्त्याला लागून असलेला मसणवटा हीच सगळ्यांची शेवटची जमीन. पाटी नाही, बांधकाम नाही. उशाला एक दगड, तोही घरचाच. कुणाचा जात्याचा, कुणाचा उंबऱ्याचा. माझ्या आईच्या उशाला तिचा धुण्याचा दगड होता. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरोघरची माणसं काटेरी झुडपं तोडून मसणवटा साफ करायची आणि आपापल्या दगडापाशी घागर ओतायची. मी तिथेच मांडी घालून बसायचे आणि आईला वर्षभराचं सांगायचे.

एका वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा गावच्या दूध सोसायटीने जनावरांची छावणी काढायचं ठरवलं. टँकर पोचेल अशी सपाट जागा मसणवट्याचीच होती. वडिलांच्या मोर्च्यांची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकलेली. सभेत उभी राहिले. "जित्यांच्या जमिनी लाटून झाल्या, आता मेलेल्यांच्याही घेणार का?"

चेअरमन म्हणाले, "पोरी, पत्रक छाप की. पण गाय कागद खात न्हाई."

सगळे हसले. मी पुन्हा तोंड उघडणार, तोच चुलती उठली. "तुझ्या मायची गाय हाय ना दावणीला? ती असती तर कुठं बांधली असती गं?"

मी खाली बसले. उत्तर खरं तर तलावाचं पाणी उसाला पळवणाऱ्यांनी द्यायला हवं होतं. ते सभेला आलेच नव्हते.

खुरांखाली फुटू नयेत म्हणून आम्ही सगळे दगड उपटून कडुलिंबाखाली नीट रचले. जागेची खूण ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. जो तो म्हणत होता, "आपला दगड आपल्याला वळखू येत न्हाई व्हय?"

ओळखू आला. छावणी उठली तेव्हा आईचा दगड मी लांबूनच ओळखला, मधोमध झिजलेला. उचलून छातीशी धरला आणि वळले. समोर शेणामुताने काळी पडलेली, खुरांनी तुडवून एकसारखी झालेली जमीन. भोवती सगळे आपापला दगड धरून उभे. कुणी म्हणालं, आमचा म्हातारा त्या बाभळीजवळ होता. बाभळ छावणीच्या चुलीत गेली होती.

दगड पुन्हा लिंबाखालीच ठेवले. मला अजूनही तिच्याजवळ बसायचं आहे. कुठे बसू?

पुढच्या आखितीला मी घागर घेऊन नुसतीच उभी राहिले. दगडावर ओतावं, तर तिथे ती नाही. मग घागर कलती केली आणि बारीक धार सोडत चालू लागले, या बांधापासून त्या बांधाकडे. वाटेत कुठेतरी ती असेलच. मागून चुलतीही तशीच निघाली.

"दमानं वत," ती म्हणाली. "समद्यांला पुरलं पायजे."