एरंडेल प्यालेली फटफटी

फटफटीला एरंडेल पाजतात, असं लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच पळीभर पाजलं असतं. पण आमचे हे लढाईवरून आले ते असल्याच गोष्टी डोक्यात घेऊन आले. दुसऱ्यांच्या नवऱ्यांनी घोंगड्या आणल्या, बूट आणले, दुधाचे डबे आणले. यांनी पुण्याच्या लिलावातून लष्करानं टाकून दिलेली फटफटी आणली, आणि तीसुद्धा रहिमतपूरच्या स्टेशनापासून बैलगाडीत घालून. वेशीत कुणीतरी विचारलं, "मोडकी हाय व्हय रं?" हे म्हणाले, "शर्यतीची करणार हाय." सगळी वेस हसली. मी पदराआड हसले, कारण सुनेला तेवढीच मुभा होती.

हे लष्करात फटफटीवरून निरोप पोचवायचे. इटलीत का कुठं तोफा वाजत असताना म्हणे हे चिखलातून साठच्या वेगानं जायचे. मी ऐकून घ्यायची. घरात मात्र मामंजींची चप्पल वाजली की हाच माणूस हातातली विडी भिंतीच्या भोकात कोंबायचा. जर्मनाला न भिणारे खूप असतील. आपल्या बापापुढं ज्याची जीभ टाळूला चिकटते असा शूर मी एकच पाहिला.

मीही हसत राहिले असते, पण सांगलीचा मिस्त्री मध्ये आला. सांगलीत त्याचं मोठं गॅरेज. सरदार-जहागीरदारांच्या मोटारी त्याच्याकडं दुरुस्तीला यायच्या, आणि त्याचा गर्व त्याच्या पोटाइतकाच पुढं आलेला होता. यांची त्याची लष्करातली ओळख. तो एकदा औंधला आला तेव्हा यांना म्हणाला, "हितल्या यमाईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बैलांच्या शर्यतीच्या माळावर फटफट्यांची शर्यत लावलीय. सुटून आलेले सगळे शिपाई हायेत. पयला ये असं म्हणत न्हाई मी. सोताच्या हातानं बांधलेल्या मशिनीवर सहा फेऱ्या पुऱ्या कर. गॅरेजात काम देतो, आन् मागच्या दोन खोल्या तुझ्या."

दोन खोल्या! हे सहज सांगून जेवायला बसले, आणि माझी भाकरी तव्यावर करपली. आमच्या घरी जेवायला खंडीभर माणूस. सकाळी चुलीपुढं बसलेली मी उठायची तेव्हा उन्हं माजघरात आलेली असायची. मीठ किती घालायचं तेही सासूबाई सांगणार. वेगळ्या चुलीचं नाव काढणं म्हणजे घर फोडणं. पण नवऱ्याची नोकरीच सांगलीला असली तर कोण काय बोलणार? त्या दिवसापासून ती फटफटी माझी झाली.

मग पडवीचा कारखाना झाला. यांनी तिचा दिवा काढला, चिखलाचे पत्रे काढले, मागची जाळी काढली. शेवटी आवाज दाबायचं नळकांडंही काढून फेकलं. का, तर वजन नको. त्यानंतर ती सुरू केली की पलीकडच्या शिवारातली म्हातारी माणसं कानावर हात ठेवायची. इंजिन सोडवून त्याचे भाग माझ्या काठवटीत रॉकेलनं धुतले. माझ्या भाकरीच्या काठवटीत! आठवडाभर भाकरीला रॉकेलचा वास येत होता, आणि सासूबाई म्हणत होत्या की सुनेचं पीठच खराब. साखळी ग्रीसमध्ये उकळली, तीही माझ्याच चुलीवर. प्लगची फट पोस्टकार्डाचा कपटा घालून मापायचे. मी चाकाच्या तारा एकेक वाजवून सैल कुठली ते सांगायची, आणि हे चावीनं आवळायचे. खरं सांगते, लग्नानंतर आम्ही दोघं एवढं कधी बोललो नव्हतो.

एरंडेलाची गोष्ट तेव्हाचीच. हे म्हणाले, "तिकडं सायबाच्या शर्यतीच्या मशिनीत एरंडेलच असायचं. कितीबी तापलं तरी पातळ हुत न्हाई. पण त्याची एक खोड हाय. रोज मशीन सुरू करून गरम करायचं, न्हाईतर गरम असतानाच ते काढून टाकायचं. तसंच घालून उभं ठेवलं की त्याचा डिंक हुतोय. मग इंजिन धरलं, जागच्या जागी जाम झालं म्हणून समज." एवढं शहाणपण या माणसाजवळ होतं. मला शिकवण्याइतकं होतं.

एरंडेलाचा शब्द मामंजींच्या कानावर गेला, आणि घात झाला.

मामंजी म्हणजे शर्यतीच्या बैलांचं मोठं नाव. फटफटीकडं तोवर त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांच्या मते ती पत्र्याची पेटी होती, पोरगं लढाईत बिघडून आलं होतं. पण ती एरंडेल पिते म्हणताच ते पडवीत येऊन उभे राहिले. "आपल्या बैलास्नीबी मी एरंडेल पाजतो की रं," म्हणाले. "मग हे आपल्यातलंच जनावर हाय." बांधावरच्या एरंड्या गोळा करून त्यांनी स्वतः तेल्याच्या घाण्यावर बसून तेल काढून आणलं. फटफटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि आपल्या हातानं तेल ओतलं. यांचा ऊर भरून आला. बापानं आपल्या कामात पहिल्यांदा हात घातला म्हणून हे हुरळले. मीही हुरळले. आम्हाला काय माहीत, की हा हात आता बाहेर निघायचा नाही!

अमावास्या झाली आणि मामंजींनी फर्मान सोडलं. "आता शर्यतीपातूर हिला हात लावायचा न्हाई. बैलाला शर्यतीआधी कुणी औताला जुपतं का? इसावा दिला तरच जनावर फुगतं." फटफटी पडवीतून उचलून गोठ्यात नेली. बैलाची जुनी झूल तिच्यावर घातली. मागच्या चाकाला काळा दोरा, पुढं लिंबू-मिरच्या. आणि गोठ्याच्या तोंडाशी स्वतः बाज टाकून बसले. येणारा-जाणारा झूल वर करून बघायचा आणि मान डोलवायचा. एकानं तर टायर दाबून सांगितलं, "आबा, अंगानं भरलीया हं!" मी चुलीपुढं बसून कपाळ बडवून घेतलं.

मी यांना म्हणाले, "आवं, सांगा की त्यास्नी. डिंक हुईल म्हणला हुता न्हवं?"

"सांगतो," म्हणाले.

गेले. मी दाराआडून ऐकत होते. हे म्हणाले, "आबा, ते तेल..." मामंजी म्हणाले, "तेल झ्याक हाय. मी काढलंय." हे म्हणाले, "व्हय आबा." आणि परत आले. इटलीचा वीर!

मी म्हणाले, मामंजी शेतावर गेले की गुपचूप सुरू करून गरम करा. तर म्हणाले, "आवाज शिवारात जातोय." आता नळकांडं कुणी काढलं होतं? मी म्हणाले, मग तेल तरी काढून टाका. तर म्हणाले, "आबांनी पूजा करून घातलंय. अन् गार झाल्याव ते निघतंय व्हय?" प्रत्येक गोष्टीला यांच्याजवळ उत्तर होतं. फक्त मामंजींना द्यायचं उत्तर तेवढं नव्हतं. त्यात पौषातली थंडी. मी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या बाटलीतलं एरंडेल हलवून बघायची. ते काकवीसारखं घट्ट होत चाललं होतं, आणि माझा जीव तसा तसा पातळ होत होता.

जत्रेला सगळं घर बैलगाडीतून औंधला गेलं. फटफटी दुसऱ्या गाडीत गवतावर घालून, झुलीसकट. यमाईचं दर्शन झालं. सासूबाईंनी नातू मागितला. मी दोन खोल्या मागितल्या.

दुसऱ्या दिवशी माळावर ही गर्दी! पिंपं ठेवून वाट आखली होती. पाच-सहा फटफट्या होत्या. बाकीचे गडी कधीपासून आपापली मशीन तापवत फिरत होते, धूर काढत होते. आमची झुलीखाली उभी. झूल काढायचा मान मामंजींचा. हे लाथ मारून दमले, पण आत काही हलेना. शेवटी भावकीतले दहाजण ढकलायला लागले. बऱ्याच लांब गेल्यावर ती खोकली, पांढराफटक धूर सोडला आणि एकदाची पेटली. मामंजींनी फेटा उडवला.

पहिली फेरी झाली तेव्हा हे तिसरे होते. मी गाडीच्या साटीवर उभी राहिले होते, पदर कुठं होता मला ठाऊक नाही. दुसऱ्या फेरीत दुसरे झाले. लोक ओरडायला लागले. मी मनातल्या मनात सांगलीच्या खोलीत फडताळ कुठं ठेवायचं ते ठरवलं. आणि पलीकडच्या पिंपाजवळ फटफटी एकदम किंचाळली. मागचं चाक जागच्या जागी थांबलं, आणि हे पुढं जाऊन धुळीत पडले.

गुडघे सोलले होते, बाकी धड होते. मामंजी धावले ते यांच्याकडं नाही. थेट फटफटीकडं! उरी फुटलेल्या बैलावर ओततात तशी त्यांनी पाण्याची घागर तिच्यावर ओतली. इंजिनातून चर्र झालं आणि मग टण्ण असा आवाज आला. जे काही वाचलं असतं तेही गेलं.

"नजर लागली," मामंजी जमलेल्या लोकांना म्हणाले.

सांगलीचा मिस्त्री पोट सांभाळत आला. तेलाच्या टाकीचं झाकण काढून बोट घातलं आणि बाहेर काढलं, तर बोटाबरोबर चिकट तार वर आली. "ही किती दिस उभी हुती?" त्यानं विचारलं.

"अमुशापासनं," मामंजी छाती काढून म्हणाले. "कुणाला हात लावू दिला न्हाई."

मिस्त्रीनं यांच्याकडं पाहिलं. "एरंडेल घालून उभी ठेवायची नसती, हे तुला ठावं न्हवतं व्हय रं?"

यांनी खाली पाहिलं. एकदा मामंजींकडं पाहिलं. "न्हवतं," म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अडाणी ठरले तरी चालेल, पण बापाचा शब्द पडायला नको! मी गाडीवरून उतरले आणि गर्दीतून सरळ पुढं गेले. "खोटं हाय!" म्हणाले. "सगळं ठावं हुतं यास्नी. मला शिकीवलंय यांनी. मामंजींनी हात लावू दिला न्हाई, अन् यांच्या तोंडातनं शब्द फुटला न्हाई." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

मला वाटलं होतं, मिस्त्रीला पटेल की माणूस कसबी आहे, चूक त्याची नव्हे. तो मात्र बोट पुसत यांना म्हणाला, "ठावं न्हवतं म्हणलास तवा मी म्हणलं, चला, शिकीवता येईल. पर ठावं असून गप बसलास? माझी गिऱ्हाइकं सगळी सरदार, गड्या. उद्या एखादा म्हणंल, ब्रेकचं ऱ्हाऊ दे, मला घाई हाय. तू म्हणशील, व्हय सरकार. अन् तो घाटात मरंल." मग माझ्याकडं बघून हसला. "ह्या बाईला धाडत असशील तर ठेवतो." लोकही हसले. तो निघून गेला, आणि त्याच्याबरोबर माझ्या दोन खोल्याही गेल्या.

परतताना दुसरी गाडी भावकीनं नेली. फटफटी साखळी काढून आमच्याच गाडीच्या मागं चऱ्हाटानं बांधली, हे तिच्यावर बसून हॅण्डल धरून. पुढं मामंजींचे बैल, गाडीत सासूबाई, मी शेजारून चालत. माळ मागं पडल्यावर हे म्हणाले, "चारचौघांत आबास्नी बोलायची काय गरज हुती?"

मला वाटलं होतं, मिस्त्रीवर चिडतील, स्वतःवर चिडतील, एखादे वेळी बापावरही चिडतील. चिडले ते माझ्यावर!

"तुमी बोलला असता तर मला बोलावं लागलं नसतं," मी म्हणाले.

"तू गप ऱ्हायली असतीस तर नोकरी मिळाली असती."

ते खरं होतं. म्हणून तर आणखीच झोंबलं. "मिळाली असती," मी म्हणाले, "अन् मामंजींनी नको म्हणल्याव सोडलीबी असती तुमी."

हे उतरले. गाडी थांबवायलाही सांगितलं नाही. "मग तूच धर," म्हणाले, आणि पुढं जाऊन मामंजींच्या शेजारी बसले. फटफटी कलायला लागली. मी हॅण्डल धरलं, काष्टा सावरला आणि बसले. नऊवारीत असलं बसायला काही अडचण नाही, हे मला तेव्हा कळलं. चऱ्हाट ताणलं गेलं, चाक फिरायला लागलं. जत्रेहून परतणारे लोक उभे राहून बघत होते. बघू देत!

गावाची वेस दिसली तसे मामंजींनी बैल थांबवले. मागं वळून म्हणाले, "उतर आता. गावात शोभत न्हाई."

"न्हाई उतरत," मी म्हणाले.

मामंजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या घरात हा शब्द त्यांनी ऐकलाच नव्हता. ते यांच्याकडं वळले. "बायकोला सांग रं तुझ्या."

यांनी माझ्याकडं पाहिलं. मग बैलांकडं पाहत अगदी हळू म्हणाले, "बसू द्या तिला, आबा."

बैल चालू लागले. मला रडू आलं, आणि ते सगळं रागाचं होतं. तोंड उघडता येत होतं या माणसाला! अमावास्येच्या दिवशी गोठ्यात उघडलं असतं तर माझी चूल सांगलीत पेटली असती.