नवशाची टाकी आणि चंद्राचा दगड

जामसरच्या आसपासच्या पाड्यांत पाट्याला टाकी लावायची म्हटली की नवशाचंच नाव निघतं. टाकी म्हणजे त्याची बापाच्या हातची छोटी छिन्नी, झिजलेल्या पाट्यावर पुन्हा खाचा पाडायची. साठी ओलांडली, तरी नवशाची बोटं दगड वाचतात. एकदा टक् केलं की म्हणतो, "याला आत चीर हाय. याच्यावर मिरची वाटशील तर वाळू खाशील." आणि चीर असतेच. आता घराघरांत मिक्सर आले, पण चटणीला चव पाट्याचीच लागते.

मागच्या उन्हाळ्यात त्याला शेजारच्या सुकऱ्याच्या पडीक तुकड्यात नारळाएवढा दगड सापडला. वर काळीभोर, गुळगुळीत साल. जीपवाल्या दिपेशच्या मोबाइलवर नवशानं पाहिलं होतं, की चंद्रावर काही आदळलं की तिथले तुकडे उडतात, काही फिरत फिरत आपल्याकडे येतात, आणि हवेत तापून त्यांच्यावर काळी साल धरते. झालं! त्यानं दगड उंबऱ्याशी मांडला आणि पाड्यादेखत सांगून टाकलं, "हा चंद्राचा. नसला तर या जन्मात टाकी धरणार नाय."

"आणि आमच्या पाट्यांना टाकी कोण लावील? चंद्र?" सुकऱ्यानं विचारलं.

कमू, नवशाची बायको, कपाळाला हात लावून आत गेली.

दिवाळीनंतर दिपेशच्या जीपमधून मंजुषा मॅडम आल्या. त्या शहरातल्या कॉलेजात खनिजं शिकवतात. दाभोशाच्या धबधब्याकडचे दगड बघायला निघाल्या होत्या, दिपेशनं वाट वाकडी करून त्यांना इकडे आणलं. पाडा अंगणात जमला. मॅडमनी पिशवीतून एक डबी काढली. आत नखाएवढा पातळ काप होता. खरा चंद्राचा, कुठल्याशा वाळवंटात मिळालेला.

"बाबा, आधी तुम्ही सांगा, काय दिसतं?"

नवशानं काप उन्हात धरला. उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "हा एकसंध नाय. फुटून पुन्हा चिकटलाय. राखाडी पिठात पांढरे कण. आमची कमू भाकरीत कांदा घालते तसा."

मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, चंद्राचे बरेचसे दगड असेच, माराखाली चुरून पुन्हा जुळलेले. पांढरे कण फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे. चंद्राचे उजळ डोंगर त्याचेच. चंद्रावर काळे डाग दिसतात, तिथला दगड मात्र आपल्या कातळासारखाच, लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट. त्यात तपकिरी पायरॉक्झिन, हिरवट ऑलिव्हिन आणि काळं इल्मेनाइट. एक जात डोंगराची, एक डागांची, तिसरी दोन्हींची मिसळ.

"म्हणजे माझा काळ्या डागातला असंल?" नवशाचा आवाज जरा चढला.

"असू शकेल. पण एक खूण आहे. चंद्राचा दगड कोरडा. पाण्यानं वाढणारे पांढरे स्फटिक त्याच्या पोटात नसतात."

मॅडम यंत्रावर कापून बघू म्हणत होत्या, तोवर नवशानं टाकी लावून हातोडी मारलीसुद्धा. एका घावात दोन फाका! निळसर काळा कातळ, आणि मधल्या पोकळीत पांढऱ्या सुयांचं घरटं चमचमत होतं.

मॅडमनी तोंड उघडायच्या आत नवशाच बोलला, "यानं पाणी प्यालंय. हा आपलाच."

"पण मग ही साल?" दिपेशनं विचारलं.

सुकऱ्यानं मांडीवर थाप मारली. "अरे, तिथं माझा आजा राब भाजायचा! दरसाल पाला नि शेण जाळून रोपाची जागा. वीस वर्षं धूर खाल्ला तर तूपण चंद्राचा दिसशील!"

सगळ्यात मोठ्यानं नवशाच हसला. पण शब्द तो शब्द. त्यानं टाकी कमूच्या हातात दिली.

दोन दिवस तो ओट्यावर नुसता बसला. तिसऱ्या दिवशी पाड्यातली हौशी तिचा पाटा घेऊन आली. कमू म्हणाली, "शब्द तुझा, माझा नाय," आणि स्वतःच टाकी लावायला बसली. घाव तिरके पडू लागले. नवशानं मान फिरवली, कान झाकले, पण आवाज काही थांबेना. शेवटी उठला. "दगडाचा जीव घेशील! दे इकडं."

टक्, टक्, टक्. एका रांगेत.

बांधावरून सुकऱ्या ओरडला, "नवशादादा, जन्म संपला काय रं?"

"कालच संपला," हात न थांबवता नवशा म्हणाला. "हा दुसरा. तुझ्या घरचा पाटा घेऊन ये."