अर्ध्यावर बंद केलेला टीव्ही

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत टीव्ही फक्त समोरच्या बाईंकडे होता. गुन्हेगारांचं मन ओळखणाऱ्या डॉक्टरची मालिका लागली की सगळे त्यांच्या खोलीत जमायचे. बाई भाजी निवडत बसायच्या आणि पडद्याकडे न बघता खुनी सांगायच्या. प्रत्येक वाक्यामागे त्यांचं "कळलं?" असायचं.

बाळंतपणानंतर माझी झोप उडाली होती. मी ते लपवलं होतं. ठाण्याला वेड्यांचं इस्पितळ, त्यामुळे "हिला ठाण्याला पाठवा" म्हणून लोक हसतात.

एकदा मालिकेतल्या डॉक्टरने आरोपी बाईला विचारलं, "झोप लागते का?" मला रडूच फुटलं.

"अगं, खोटं असतं ते!" कोणीतरी हसलं.

बाईंनी उठून टीव्ही बंद केला.

"अहो, पण खुनी कोण?"

"नवरा. निघा आता. कळलं?"

दुसऱ्या दिवशी त्या मला बाळासकट ठाण्याला घेऊन गेल्या. इस्पितळाच्या खिडकीतल्या कारकुनाने त्यांना लगेच ओळखलं. "काय मावशी, परत झोप गेली का?"

"माझी मस्त आहे. आज हिचा केसपेपर काढा. कळलं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि बाकावर टेकले. नंबर आला तेव्हा त्यांनी मला हलवून उठवलं.