सोड म्हटलं की सोडायचं

आमची इंजिनिअर प्लाटून आलापल्लीला पोहोचली तेव्हा गडचिरोली नावाचा जिल्हा नव्हता. तो सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडायचा. स्वातंत्र्याला थोडी वर्षं झाली होती आणि फौजेला पुलांच्या कामासाठी सागाचे ओंडके हवे होते. काम खरं उन्हाळ्याचं. पण हुकूम निघेपर्यंत, गाड्या मिळेपर्यंत आणि पेट्रोल येईपर्यंत पावसाळा लागला. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं फौजेत सगळं घड्याळावर चालतं. घड्याळावर फक्त फॉल-इन, म्हणजे रांगेत उभं राहणं, चालतं, बाकी सगळं तुमच्या तहसील कचेरीसारखंच.

मी हवालदार होतो. मूळचा वरोऱ्याकडचा, कापसाच्या मुलखातला, त्यामुळे एवढं दाट जंगल मलाही नवीन होतं. प्लाटूनकडे एक चेन-सॉ होती, महायुद्धाच्या वेळची, दोन माणसांनी चालवायची. आजच्या हलक्या मशीन डोळ्यांसमोर आणू नका. एका टोकाला पेट्रोलचं इंजिन, मध्ये चार-पाच फूट लांब पातं, त्यावर फिरणारी दातेरी साखळी आणि दुसऱ्या टोकाला नुसती मूठ. उचलताना दोघांच्याही कमरा बोलायच्या. इंजिनच्या टोकाला मी असायचो. मुठीच्या टोकाला लान्स नाईक सोमाजी शेंडे.

सोमाजी तिथलाच, अहेरीकडच्या ढिवराच्या घरचा. तळ्यात आणि नाल्यात मासेमारी, जोडीला थोडं धान, असं ते घर. आई लवकर गेली, थोरल्या बहिणीनं वाढवलं. तिला तो 'बाई' म्हणायचा. तिचं नाव अनुसया. आमच्या कॅम्पपासून काही कोसांवर एका नाल्याच्या पलीकडच्या टोल्यावर, छोट्या वस्तीवर, तिला दिलेलं होतं. सोमाजी पोहण्यात साऱ्या कंपनीत पहिला आणि परेडमध्ये शेवटून पहिला. उजवीकडे वळ म्हटलं की आधी डावीकडे बघून खात्री करायचा. मी त्याच्यावर पुष्कळ ओरडलो, पण राग म्हणून कधी आला नाही. आवडायचा मला तो.

मशीन ताब्यात देताना आमचे सुभेदार साहेब म्हणाले होते, "यह मशीन नहीं, रायफल है. रायफल गई तो जवान गया. समझे?"

"समझे, साहब," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

आता पावसातल्या कामाचं सांगतो. आमच्या कॉलनीत मध्यंतरी कडुनिंब उन्मळून पडला, तो कापायला ठेकेदाराची माणसं भर पावसात आली. पायात रबरी चपला, अंगावर पायांपर्यंत लोंबणारा प्लास्टिकचा रेनकोट आणि एक हात मशीनवर, दुसऱ्या हातात विडी. मी तसाच धावलो. "आजोबा, बाजूला व्हा," म्हणाले. झालो नाही. हातातली छत्री आडवी धरून मशीन बंद करायला लावली. घरी येऊन बोलणी खाल्ली ती वेगळी.

आलापल्लीत आमचे नियम असे होते. करवतीजवळ कोणी ग्राउंडशीट पांघरायची नाही. कापड साखळीत गेलं की मागोमाग माणूस जातो, तेव्हा भिजायचं. भिजून कोणी मरत नाही. मशीन हातात धरून चालू करायची नाही, जमिनीवर टेकवून करायची. ओल्या सालीवर पाय ठरत नाही, म्हणून जिथे उभं राहायचं तिथे पोती अंथरायची. पळायची वाट आधी मोकळी करून ठेवायची, नंतर कापायला लागायचं. आणि आडवं पडलेलं झाड कापण्याआधी ते कुठे दबलंय आणि कुठे ताणलंय हे बघायचं. वाकलेलं झाड म्हणजे ओढून धरलेलं धनुष्य. दबलेल्या बाजूला थोडं कापायचं, थांबायचं, ऐकायचं, मग ताणलेल्या बाजूला हात घालायचा.

शेवटचा नियम सगळ्यात मोठा. पाय घसरला, लाकूड हललं, काहीही झालं, तर मशीन सोडून द्यायची आणि मागे व्हायचं. रोज सकाळी इंजिन बंद ठेवून मी याची ड्रिल घ्यायचो. मी "छोड!" म्हणायचो आणि दोघांनी हात उघडून मागे उडी मारायची. मी मारायचो. सोमाजी मुठीला धरून तसाच उभा राहायचा.

"सोड म्हटलं ना तुले! काऊन नाई सोडत?"

"हातच सुटत नाई, उस्ताद." तो ओशाळून हसायचा. "आमच्यात सोडत नाई ना. पुरानं जाळं ओढलं तं मानूस जाळ्यासंगं जाते, पन जाळं नाई सोडत. जाळं गेलं तं घरची चूल गेली. बाईनं लहानपनी हातावर मारमारून शिकवलं."

"हे जाळं नाही. लोखंड आहे. हे तुला धरून ठेवील."

"हो, उस्ताद."

पुढच्या सकाळी पुन्हा तेच. दहा वेळा म्हटलं की एकदा सोडायचा, आणि सोडली की अपराध्यासारखा मशीनकडे बघत राहायचा. मी ठरवलं होतं, पावसाळा संपेपर्यंत याचे हात मी बदलून टाकीन.

तो दिवस श्रावणातला. तीन दिवस झड लागली होती. प्राणहिता फुगली की आजूबाजूच्या नाल्यांचं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढतं. दुपारी एक माणूस धापा टाकत कॅम्पवर आला. अनुसयाबाईच्या टोल्यामागून पाणी चढत होतं. टोल्यावरच्या लोकांना अलीकडे यायला नाल्यावरचा लाकडी पूल हीच एक वाट. त्या पुलाला वरून वाहत आलेला सागाचा अख्खा बुंधा अडकला होता.

आम्ही चौघं ट्रकनं निघालो. मी, सोमाजी, वायरलेसवाला सॅपर गुरदीप आणि ड्रायव्हर. वाटभर सोमाजी मशीनच्या इंजिनावर ताडपत्री घट्ट धरून बसला होता.

नाल्यावर पोहोचलो तेव्हा पलीकडच्या काठावर सगळा टोला उभा होता. बायका, पोरं, म्हातारे, दोन शेळ्या. त्यांच्या मागची धानाची बांधी पाण्याखाली गेली होती. मधला पूल थरथरत होता. बुंध्याचं मूळ आमच्या काठावरच्या खडकात रुतलं होतं, शेंडा पुलाच्या मधल्या खांबाला टेकला होता आणि पाण्याच्या जोरानं बुंधा मध्ये पुलाच्या बाजूला वाकला होता. लाटेसरशी शेंडा खांबावर आदळायचा आणि पूल कण्हायचा. अशा पुलावर एक पोरगंही सोडता आलं नसतं. आणि बुंधा तसाच राहिला असता तर अंधार पडायच्या आत पूल गेला असता.

पलीकडून एका बाईनं हात वर केला. सोमाजीनंही केला.

गुरदीपनं सेट लावला. कॅम्पवरून सुभेदार साहेबांचा आवाज खरखरत आला.

"पुल बचाओ. लोग पार कराओ. मशीन संभालना. ओव्हर."

"रॉजर, साहब. आउट."

मी बुंधा दोन्ही बाजूंनी पाहिला. वरची, म्हणजे पाणी येतं ती बाजू दबलेली होती. खालची, पुलाकडची बाजू ताणलेली. सुटला की तो पुलाच्या दिशेनं उसळणार. वरच्या बाजूला खडक सपाट होता, तिथे इंजिनचं वजन घेऊन उभं राहता येत होतं. खालच्या बाजूला दगडांचा निमुळता ढीग आणि मागे काठावर चढायची वाट. मुठीवाल्या माणसाला तिथेच उभं राहावं लागणार होतं. हात उघडून तीन ढांगांत तो काठावर पोहोचला असता. मी ते अंतर स्वतः दोनदा उडी मारून पाहिलं.

"सोमाजी, मी इंजिन इकडून घेतो. तू तिकडे. लाकूड कडाडलं की?"

"सोडाची."

"आणि?"

"मांगं पाह्याचं नाई. काठावर."

"मशीनचं मी बघीन. साहेबांना मी सांगीन."

"हो, उस्ताद. चाला ना आता, पानी चढून राह्यलं."

पोती अंथरली. ग्राउंडशीट काढून ट्रकमध्ये फेकल्या. मशीन खडकावर टेकवून चालू केली. ओल्या हवेत तिसऱ्या ओढीला लागली. दबलेल्या बाजूला चार बोटं आत गेलो, थांबलो, ऐकलं. काही नाही. पुन्हा चार बोटं. भुसा निघत नव्हता, लगदा निघत होता. गुरदीप काठावर उभा राहून बुंध्याच्या शेंड्यावर नजर ठेवून होता. मग पातं ताणलेल्या बाजूकडे उतरवलं. थोडं कापायचो, थांबायचो. पाऊस डोळ्यांत जात होता. सोमाजीचं तोंड मला पात्याच्या पलीकडे दिसत होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, कापाकडे बघत होता, म्हणजे बरोबर जिथे बघायला हवं तिथे.

शिकवलेलं सगळं त्यानं तोवर बरोबर केलं. हे मी नंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरीतही सांगितलं.

लाकूड कडाडलं. बंदुकीचा बार व्हावा तसं. मी गॅसचा खटका सोडला. तोंडातून फौजेचं 'छोड' निघालंच नाही. मी ओरडलो, "सोमा, सोड!"

मी सोडली. मागे खडकावर पाठीवर पडलो. बुंधा फुटून पुलाच्या दिशेनं उसळला आणि पात्याला घेऊन गेला. सोमाजीला लाकूड लागलं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो दगडांवर नीट उभा होता, मागची वाट मोकळी होती. फक्त त्याचे दोन्ही हात मुठीवर होते. मशीन पाण्यात गेली आणि तिच्याबरोबर तोही गेला.

गुरदीप खाली धावला. मी धावलो. त्याचं डोकं वर येईल म्हणून आम्ही पाण्याकडे बघत राहिलो. कंपनीत पहिला पोहणारा होता तो. हात उघडले असते तर तो तो नाला हसत पार करून पलीकडे बहिणीला भेटून आला असता. डोकं वर आलं नाही.

बुंध्याचे दोन तुकडे खांबांमधून निघून गेले होते. पूल थरथरायचा थांबला. लोक पार करायचे होते, तो हुकूम बाकी होता. मी पुलाच्या तोंडाशी उभा राहिलो आणि एकेकाला सोडलं. पोरं आधी, मग बायका, मग म्हातारे. हात चालत होते, तोंडातून 'पुढे चला' निघत होतं. आतून मी मेलो होतो.

अनुसयाबाई शेळीला कवेत धरून आली. माझ्यासमोर थांबली. पलीकडून तिनं सगळं पाहिलं होतं, पण पाऊस होता आणि अंतर होतं.

"भाऊ, सोमा कुठी आहे?"

मी नाल्याकडे बघितलं. तिनं शेळी खाली ठेवली आणि तिथेच चिखलात बसली. मागच्या लोकांना पुढे यायला जागा नव्हती, म्हणून मला तिला दंडाला धरून उठवावं लागलं. ते मला आजही बोचतं.

पाणी उतरल्यावर सोमाजी सापडला. फार लांब नाही, पुलाखालच्या डोहात. मशीन तळाशी होती आणि तो मशीनपाशी. बोटं मुठीवर होती. गुरदीप पुढे झाला, मी त्याला थांबवलं. ती बोटं एकेक करून मी सोडवली. सुभेदार साहेब आले. त्यांनी टोपी काढली आणि मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर त्यांनी कुठल्याच मशीनला 'रायफल' म्हटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रजेवर जाताना मी वाकडी वाट करून टोल्यावर गेलो. अनुसयाबाई दारात फाटलेलं जाळं विणत बसली होती. मला पाणी दिलं. पुन्हा विणायला बसली. मग तिनं विचारलं.

"ते मशीन वाचली का, भाऊ?"

"वाचली. दुरुस्त झाली."

"त्यानं शेवटी तरी सोडली होती का?"

खोटं बोलता आलं असतं. अशा वेळी लोक बोलतात. मला जमलं नाही.

"नाई, बाई. मी सोडवली."

तिचे हात थांबले. तिनं जाळं मांडीवर ठेवलं आणि स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं.

"मीच शिकवलं होतं त्याले," ती म्हणाली. "हातावर मारत होतो मी. सोडू नोको मनून."

"मीही शिकवत होतो, बाई," मी म्हणालो. "सोड म्हणून. मला एक पावसाळा कमी पडला."

त्यानंतर ती रडली. नाल्यावर रडली नव्हती. मी उठलो नाही, संध्याकाळची गाडी चुकेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

पुढे माझी बदली ट्रेनिंगला झाली. प्रत्येक बॅचला मी पहिल्याच दिवशी ओल्या ओंडक्यावर उभं करायचो, बंद मशीन हातात द्यायचो आणि ओरडायचो, "सोड!" मशीन चिखलात पडायची. सरकारी मालाची नासाडी होते म्हणून अधिकाऱ्यांची बोलणी खाल्ली, पण ड्रिल बदलली नाही. ज्याचा हात सुटत नसे त्याला संध्याकाळपर्यंत तेच. पंजाबची पोरं, मद्रासची पोरं, गढवालची पोरं, सगळ्यांना माझ्याकडून हा एकच मराठी शब्द मिळाला.

एकदा एका रिक्रूटनं विचारलं, "उस्ताद, बाकी सब हिंदी में बोलते हो, यह एक मराठी में क्यों?"

"हुक्म है," मी म्हणालो.

हुकूम कोणाचा ते त्याला सांगितलं नाही. इथे सांगतो. लान्स नाईक सोमाजी शेंडे, राहणार अहेरीकडचा, पोहण्यात कंपनीत पहिला.