साधं गाणं

"ताई, हे गाणं नको. एखादं साधं गाणं म्हणा."

व्हिडिओ काढायला मॅडमनी माझ्या तोंडासमोर मोबाइल धरला होता. दारात बाया उभ्या, आपापली लेकरं न्यायला आलेल्या. माझ्या मांडीवर चिनू, आठ महिन्यांचा. मी त्याला भीमाचा पाळणा म्हणत होते. माझ्या मायनं मला जोजवताना म्हटलेला.

हिंगणीत, माझ्याच घरात मी कापूस वेचायला जाणाऱ्या बायांची लेकरं सांभाळते. पाळणाघर सुधारावं म्हणून एका संस्थेच्या मॅडम शिकवायला येतात. लेकराशी बोला. डोळ्यांत बघा. रडलं तर दटावू नका. खोटं कशाला बोलू, पुष्कळ शिकले मी त्यांच्याकडून. म्हणूनच जास्त लागलं.

"काऊन मॅडम? याच्यात काय वाईट हाये?"

"वाईट नाही हो. पण सगळ्या घरांतली मुलं येतात ना."

मग त्यांनी बाळकृष्णाचा पाळणा म्हणून दाखवला. गळा गोड होता. "हे बघा, असं साधं."

दारातली एक बाई पदराआड हसली. मी मान खाली घातली. "हो मॅडम," म्हणाले. माझ्याच घरात.

त्यांचा देव साधा. माझा भीम साधा नाही. माझी माय साधी नाही. आम्ही काय लेकरू निजवतानाही मोर्चा काढतो?

त्यानंतर माझी वाचाच गेली. मॅडमचं गाणं ओठांवर येईना, मायचं मी येऊ देईना. चिनू माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा, मग किंचाळायचा. त्याच्यासोबत मीही रडायची. जीव नकोसा व्हायचा.

परवा मॅडम पुन्हा आल्या. मोबाइल काढला. "हं, म्हणा ताई."

मी भीमाचा पाळणा सुरू केला. आवाज फाटका निघाला. थांबले नाही.

"असं केलं तर संस्था तुमचं केंद्र बंद करेल."

"करा. तुमी शिकवलं ते सारं करीन मी. हे नाई सोडत."

जाताना त्या संस्थेनं दिलेली खेळणी आणि लेकरांच्या खिचडीचं सामान घेऊन गेल्या. गावभर बोभाटा झाला. आज चिनूची आई फिरकली नाही. बाकीच्याही नाहीत. घर खायला उठलंय. उद्या काय करणार, मला खरंच माहीत नाही.

पण या घरात जे लेकरू येईल, ते माझ्या मायचं गाणं ऐकूनच झोपेल. ज्याच्या कानाला ते सोसत नाही, त्यानं आपलं लेकरू उचलून न्यावं.