मांडवात एकटी चालत आलेली शालन

शालन गेल्याचं कळलं तेव्हा मी कर्जतच्या बाजारात मेथीच्या जुड्या निवडत होते. फोन विनायकभाऊंचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा होता. "ताई, सकाळी गेली... झोपेतच." कॅन्सरनं वर्षभर तिला पोखरलं होतं, त्यामुळे हे येणार हे ठाऊक होतं. तरी भाजी तिथंच टाकून मी रिक्षात बसले. दुसऱ्या दिवशी दहिवलीत त्यांच्या घराच्या वळणावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. तिच्या भावानं लावलेला. वर शालनचा फोटो, खाली 'शोकाकुल' म्हणून नावं, आणि त्यात पहिलं नाव तिच्या मामाचं. विनायकभाऊंनी शेजारून शिडी आणली, स्वतः चढून फ्लेक्स उतरवला आणि घडी करून मेहुण्याच्या हातात दिला.

"लोक काय म्हंतील?" तिचा भाऊ कुजबुजला.

"लोकांना इचारून ती जगली नाय," विनायकभाऊ म्हणाले. संध्याकाळपर्यंत दुसरा फ्लेक्स लागला. मामाचं नाव त्यावर नव्हतं.

तिच्यावर लिहिते आहे असं कळल्यावर काहींनी मला सुचवलं, मेलेल्या माणसाचं तसलं कशाला उकरायचं, चांगलं तेवढं लिहा. पण शालनच्या आयुष्यात जे चांगलं होतं ते तिनं त्या 'तसल्या'तूनच ओढून काढलं होतं. आणि दवाखान्यात तिनंच मला सांगून ठेवलं होतं, "लिवशील तर सगळं लिव. मी काय चोरी नाय केलेली."

साजगावच्या एका कारखान्यात आम्ही दोघी पॅकिंगला होतो. दोघींची लग्नं व्हायची होती. कंपनीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसायची आणि सगळ्या बसला हसवायची. एकदा आमच्या पुढच्या सीटवर कुणीतरी तंबाखू मळली आणि शालन बोलता बोलता पांढरीफटक पडली. बस थांबवायला लावून ती अर्ध्या रस्त्यात उतरली. मीही उतरले. रस्त्याकडेच्या दगडावर बसून तिनं सांगितलं. भिवपुरीजवळच्या गावात तिचं घर, वडील लवकर गेलेले, घराला आधार आईच्या भावाचा. तो येताना खाऊ आणायचा. ती चौथीत असल्यापासून, आई शेतावर गेली की तो तिला... वाक्य तिनं तिथंच सोडलं. बराच काळ हे चाललं. आईला सांगितलं तेव्हा आईनं आधी थोबाडीत मारली आणि मग पदरानं तिचं तोंड पुसलं. "पुन्ना बोलू नको. त्याच्याबिगर आपन खानार काय?" शालन मला म्हणाली, "तो वास आला ना गं, की मी परत चौथीत जाते."

विनायकभाऊ त्याच कारखान्यात फिटर. लग्न ठरण्याआधी तिनं त्यांना सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते मामाचा पत्ता विचारू लागले. "मारामारी नको," ती म्हणाली. "माझ्या लग्नात तो माझ्या पाठीशी उभा ऱ्हानार नाय, येवढं बगा." आपल्याकडे नवरीला मांडवात आणण्याचा मान मामाचा. लग्नाच्या दिवशी भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." फेटा बांधलेला मामा खोलीच्या दाराशी आला. मी तिच्या शेजारीच होते. तिचा आवाज सगळ्या ओटीवर ऐकू गेला. "तुमी बाजूला व्हा. मला रस्ता म्हाईत हाय." आणि ती चालत निघाली, एकटी. भटजी क्षणभर गडबडले, वाजंत्री थांबली... विनायकभाऊंनी खूण केली तशी मंगलाष्टकं सुरू झाली.

त्या दिवसापासून माहेर तुटलं. दिवाळीला बोलावणं नाही, भाऊबीज नाही. घराण्याचं नाक कापणारी पोरगी म्हणून तिचं नाव झालं. मामा मात्र गावकीत मानानं बसत राहिला. त्याला कुणी काही विचारलं नाही, आजही विचारत नाही.

लग्न झालं म्हणून शालन बरी झाली नव्हती. नवऱ्यानं मागून खांद्यावर हात ठेवला तरी ती दचकायची. ती पनवेलला एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली, सुट्टीचा दिवस मोडून, कितीतरी वर्षं. माहेरी बातमी पोहोचली, शालनला येड लागलं. "येड लागू नये म्हनूनच जाते, सांगा त्यांना," ती म्हणायची. विसरली ती काहीच नाही. पण एकदा बसमध्ये तसाच वास आला, तेव्हा तिनं पुढच्या माणसाच्या पाठीवर टकटक केलं. "ओ भाऊ, फेका ती." आणि मग माझ्याकडे बघून हसली. त्या दिवशी आम्ही ठरल्या ठिकाणीच उतरलो.

आई थकल्यावर दहिवलीला आली होती. "माफ कर त्याला. म्हातारा झालाय गं तो."

"मी ल्हान होते तवा 'ल्हान हाय गं ती' आसं तुला म्हनता आलं नाय?" शालननं विचारलं. आई रडली. शालननं तिला जेवू घातलं, औषधं आणून दिली, पण माफीचा शब्द काही दिला नाही. शेवटपर्यंत नाही.

मग ज्या दाराकडून आशा नव्हती ते उघडलं. तिची वहिनी, भावाची बायको, मुलीला घेऊन आली. सई तेव्हा पहिलीत होती. मामा दिवाळीला मुक्कामी यायचा होता. "आमच्या यांना पटत नाय," वहिनी उभ्या उभ्याच बोलली, "पन वन्सं, तुमी खोटं कशाला बोलाल? पोरीला ठिवा तुमच्याकडं. मी त्यांना सांगून आलेय, म्हातारा येनार आसंल तर आमी दोघी घरात नसू." शालननं वहिनीला घट्ट मिठी मारली आणि दोघी दारातच रडत उभ्या राहिल्या. पुढच्या दिवाळीला मामाला त्या घरातून बोलावणं गेलं नाही.

सई राहायला आली त्याच आठवड्यात शालननं आतल्या खोलीच्या आणि न्हाणीच्या दाराला विनायकभाऊंकडून नव्या कड्या बसवून घेतल्या. आतून लागणाऱ्या, खूप खाली, लहान मुलाच्या हाताला येतील अशा. पोरगी आत कोंडून घेईल की, मी म्हणाले.

"घेऊ दे. दार तोडता येतं," शालन म्हणाली.

सई आता सहावीत आहे. सुट्टीत अजून तिथंच येते, आत्या नसली तरी, आईसोबत. परवा मी गेले तर वहिनी स्वयंपाकघरात होती आणि आतल्या खोलीचं दार बंद. मी सवयीनं ढकललं. कडी लागलेली.

"कोन हाय?" आतून सईनं विचारलं. मी नाव सांगितलं.

"थांबा जरा. मी उघडीन तवाच या."

मी थांबले.