दोन बोटं माया

हडपसरला गाडीतळाच्या मागच्या गल्लीत ललिता ब्लाऊज शिवते. खोल्या दोनच, पण बाहेरच्या खोलीच्या दारात उजेड चांगला येतो, म्हणून मशीन दारात. येणाऱ्या बायका कापड तिच्या हातात देतात आणि जाता जाता सांगतात, "ताई, माया ठेवा बरं का." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आमच्याकडे माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची. ललिता सांगितल्यापेक्षा दोन बोटं जास्तच ठेवते. आपल्या हातानं कुणाला आवळू नये, असं तिचं म्हणणं.

तुळशीची लग्नं उरकली की हिच्या दारात गठ्ठे लागतात. मान वर होत नाही. पायडलवरचा पाय संध्याकाळी जमिनीवर टेकला तरी आपोआप हलत राहतो. नवरा राकेश कंपनीत पाळीनं जातो, घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. सासू मथुराबाई मांजरी गावची. उसाच्या फडात हयात गेलेली, आता दारात बसून हूक-काजं करते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलते.

आणि मुलगी शेफाली, सातवीतली. ती बर्फावरची हॉकी खेळते. पुण्यात कुठला आलाय तसा बर्फ? शेफालीनं तो फोनवरच पाहिलेला. इथं ती पोरं एका रांगेत चाकं असलेले स्केट घालतात आणि सिमेंटच्या रिंकवर एक काळी चकती ढकलत धावतात. पण आमोद सर त्यांना शिकवताना बर्फावरचंच शिकवायचे. थंडीत उत्तरेला जिथं तळी गोठतात, तिथल्या शिबिराला यंदा पुण्यातून चार मुली न्यायच्या होत्या. त्यासाठी निवड चाचणी होती. त्या शिबिराचं नाव निघालं, की शेफालीचं जेवण ताटातच राहायचं. डोळे कुठंतरी लांब लागायचे.

आजवर ती सरांच्या क्लबमधल्या जुन्या स्टिकनं खेळत होती. ललिताला ते बघवेना. पोरीला स्वतःची काठी पाहिजे. तिनं सरांना फोन लावला. "माप कसं घ्यायचं?"

"सोपं आहे, काकू. अनवाणी उभं केलंत तर नाकापर्यंत. स्केट घालून उभं केलंत तर हनुवटीपर्यंत."

दोन्ही एकच माप. पण ललितानं आयुष्यभर मापात भरच घातली होती. तिनं शेफालीला भिंतीला उभं केलं, जमिनीपासून नाकापर्यंत टेप धरला. त्यात स्केटची उंची वेगळी मिळवली. आणि वर, हात सवयीनंच गेला, दोन बोटं माया.

कॅम्पातल्या दुकानात ती एकटीच गेली, शेफालीला शाळा होती. दुकानदार कासिमभाई. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, आणि गिऱ्हाईक आलं की आपल्या दुपारच्या झोपेवर घाला आला असा चेहरा.

"मुलगी कुठाय?"

"शाळेत. माप आणलंय मी. टेलर आहे."

"वा. म्हणजे मुलीला शिवायचंय की खेळवायचंय?" त्यांनी एक स्टिक काढून पुढं ठेवली. "ही घ्या. ज्युनिअर. या वयाला हीच."

ललितानं टेप लावला. "आखूड पडते."

"कुणाला? मुलीला की टेपला?"

"अहो, पोर वाढतीये. वर्षात वीतभर उंच होईल. जरा मोठी दाखवा."

कासिमभाईंनी उसासा टाकला आणि वरच्या फळीवरची लांब स्टिक उतरवली. "ताई, ही शाळेची पँट नाही, खालची दुमड सोडली आणि लांब झाली."

"म्हणूनच लांब घेते ना. जास्त झाली तर कापता येईल, कमी पडली तर जोडता येत नाही."

"कापली की कडक होते." त्यांनी पहिली स्टिक जमिनीवर टेकवली, मधोमध हात ठेवून दाबली. ती धनुष्यासारखी वाकली आणि सुटून सरळ झाली. "हे बघा. पोरीच्या जोरानं अशी वाकली, तरच चकती उडते. ही दुसरी तुम्हाआम्हाला वाकेल. तिला नाही."

ललितानं दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. वाकते ती काठी कच्ची, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. वाकणारा बांबू मांडवालासुद्धा कुणी घेत नाही. तिनं लांब आणि ताठ होती ती घेतली. कासिमभाई कागद गुंडाळताना भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "वाचता येत असेलच. परत घेत नाही." पाटी खरंच होती, आणि तिच्यावर त्यांच्यापेक्षा एकही शब्द जास्त नव्हता.

घरी स्टिक शेफालीच्या भांगापर्यंत आली.

मथुराबाई म्हणाली, "काठी हाय का शिडी गं? पोरीला माळ्यावर चढवायची हाय व्हय?"

"स्केट घातले की खाली येईल, आत्याबाई. आणि वाढेल की ती."

"वाढंल तवर खेळायचं बंद का मग?"

शेफालीनं काठीवरून हात फिरवला, आईच्या मानेकडं पाहिलं. बसच्या धक्क्यांनी आणि उन्हानं ती मान एका बाजूला कलली होती. "मस्त आहे, आई," ती म्हणाली.

मग लग्नसराईनं ललिताला गिळलं. अस्तर, पायपिंग, नेट, मागून दोरी, पुढून हूक. शेफाली रिंकवरून यायची, हातपाय धुवून गप्प पडायची. "कसं झालं?" विचारलं, तर "छान." सरांचा एकदा फोन आला होता, पण नेमकी दारात नवरीची आई उभी होती आणि ब्लाऊज तयार नव्हता. ललितानं नंतर करते म्हटलं आणि ते राहून गेलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी तिनं उरलेल्या खणाचा एक कुर्ता शेफालीच्या अंगाला लावून बघायला घेतला. पोरीनं हात वर केले, तसा अंगातला टीशर्ट वर सरकला. बरगडीच्या खाली, पोटावर, एक काळानिळा गोल होता. त्याच्या शेजारी जुना पिवळा पडलेला दुसरा.

"हे काय?"

"पडले."

"पडल्याचा डाग असा गोल नसतो." ललितानं कोपऱ्यातली स्टिक उचलली. तिचं वरचं टोक त्या डागावर ठेवलं. बरोब्बर बसलं. मापात ती कधी चुकत नसे, आणि आजही माप बरोबर आलं.

"लांब पडते का गं?"

"मी खाली धरते ना, मग वरचं टोक पोटात लागतं. आणि खाली काठीचं पातं नीट टेकत नाही. चकती त्याच्याखालून जाते."

"सांगितलं का नाहीस?"

"तू दमून आणली होतीस."

मशीन थांबलेलं होतं. ललिताला वाटलं, आपण पहिल्यांदाच ते थांबलेलं ऐकतोय.

कुर्ता तसाच टाकून ती शेफालीला घेऊन रिंकवर गेली. आमोद सरांनी स्टिक हातात घेतली, दाबून पाहिली, हळूच खाली ठेवली. "काकू, मी तिला दोनदा म्हटलं, आईला सांग. ती म्हणाली, नवी वस्तू आहे, राहू दे."

"आत्ता कापा."

"कापून उंचीला बसेल. पण आहे त्याहून कडक होईल. आत्ताच तिच्यानं वाकत नाहीये. उद्या क्लबचीच जुनी देतो."

"मी माझ्या आईच्याच स्टिकनं खेळणार," शेफाली म्हणाली. आवाजात हट्ट नव्हता. उपकार फेडणाऱ्या मोठ्या माणसाचा असतो तसा आवाज होता. बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडी तो ऐकून ललिता आणखीच खचली.

तिनं चपला काढल्या. स्टिक स्वतःच्या अंगाला लावून सिमेंटवर उभी केली. टोक तिच्या नाकाशी आलं, केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

"हे बघ," ती म्हणाली. "माझ्या मापाची आणली मी. तुझ्यासाठी आणलीच नव्हती."

सर हसले. शेफालीला हसू आलं नाही, पण तिनं क्लबच्या स्टिककडं हात पुढं केला.

सकाळी चाचणी झाली. ललिता कठड्याबाहेर उभी होती, बसली असती तर झोप लागली असती. शेफाली पळत चांगली होती. दोन पोरींच्या मधून ती वाऱ्यासारखी सुटली. पण फटका मारायची वेळ आली, की तिचे हात क्षणभर थबकत होते. काठी पोटात बसेल या धास्तीनं अंग आधीच आकसायचं. इतक्या दिवसांत अंगाला लागलेलं वळण एका रात्रीत कुठं सुटतं? चकती दोनदा जाळ्याच्या बाहेर गेली. तिसऱ्यांदा आत गेली, पण तोवर उशीर झाला होता.

चार नावं वाचली. तिचं नव्हतं.

सर जवळ आले. "पायांत वेग आहे तिच्या. फटका परत बसवावा लागेल. पुढच्या वर्षी बघू." ललितानं मान हलवली. हुज्जत घालायला अंगात काही उरलं नव्हतं, आणि घालण्यासारखं काही नव्हतंही.

बसथांब्यावर दोघी उभ्या राहिल्या. शेफालीनं स्केटची पिशवी पायाशी ठेवली.

"वाईट वाटलं का?" ललितानं विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

मग पोरीचा चेहरा एकदम लहान झाला. "खूप वाटलं. पोट अजून दुखतंय. मला जायचं होतं तिकडं. तुझ्यामुळे राहिलं."

ललिताच्या ओठांवर उत्तरं आली. दुकानापर्यंतची दुपार आली, मानेचं दुखणं आलं, गठ्ठे आले. तिनं सगळी गिळली.

"हो," ती म्हणाली. "माझ्यामुळे राहिलं."

शेफाली रडू लागली. भर रस्त्यात, आवाज करून, नाक पुसायचं भान न ठेवता. हडपसरची बस आली, दार उघडलं, कंडक्टरनं दोघींकडं पाहिलं. ललितानं हातानंच नको म्हणून खूण केली.